आमच्या घरचे बालस्वामी

माझा थोरला मुलगा मन्मथ अजून पालथाही पडत नव्हता, तेव्हा लोक त्याच्या पाया पडत होते. सोमवारी तलवाड्यात आमच्या दारासमोर बायाबापड्या बेलाची पानं घेऊन बसायच्या. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, लेकराला मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेल्या असायच्या. लेकराचे डोळे अर्धे मिटलेले. कोणी कपाळाला भस्म लावलं तरी चुळबूळ नाही, कोणी कानाशी टाळ वाजवला तरी दचकणं नाही. आलेली माणसं एकमेकांना म्हणायची, "मागल्या जलमीचा योगी हाय. समाधी लागलीय बगा." आणि मी आत भिंतीला टेकून बसलेली, आपल्यासारखी नशीबवान बाई पंचक्रोशीत नाही अशा समाधानात.

तोच मन्मथ आज दुकानात गिऱ्हाइकांशी असा भांडतो की गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. मला कोणी म्हटलं, पोरगा फार तोंडाळ आहे तुमचा, तर मी मान्य करते आणि मनातल्या मनात देवाला हात जोडते.

हे सगळं कागदावर उतरवायचं कारण म्हणजे शेजारची बाळंतीण. परवा ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "काकू, कंबर लई भरून येती. ती काळी गोळी आसली तर द्या की. लेकराला न्हाई देणार, मलाच पायजे." शेवटचं वाक्य तिनं मला धीर यावा म्हणून म्हटलं. मी तिला आधी खाली बसवलं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. माझे वडील माजलगावचे. मुलीला पोथी वाचता आली पाहिजे असा त्यांचा हट्ट होता, म्हणून मला लिहिता येतं. कुठं शुद्ध नसेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

कंबरेचं औषध

तेव्हा आमच्या मोगलाईत अफू म्हणजे काही चोरीचा माल नव्हता. निजामसरकारच्या ठेकेदाराचं दुकान भर बाजारात असायचं आणि लोक गूळ घ्यावा तशी अफू घ्यायचे. म्हाताऱ्यांच्या खोकल्याला अफू, गाडीवानाच्या थंडीला अफू, हगवणीला अफू. लग्नात रुसलेल्या व्याह्यालासुद्धा अफूच पुढं करायचे आणि रुसवा खरोखर निघायचा. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया पोराच्या जिभेला बोट लावून त्याला झाडाखाली झोळीत टाकायच्या. पोर दिवे लागेपर्यंत उठायचं नाही. काही पोरं कधीच उठली नाहीत. त्याला लोक पटकी म्हणायचे, नजर म्हणायचे, सटवाईचा कोप म्हणायचे. अफू कोणी म्हणत नसे.

आत्याबाईंना या गोष्टीची भारी चीड. एका शेजारणीला त्यांनी दारात उभी करून झापली होती, "पोटचं लेकरू हाय का गाठोडं गं? बांदून ठेवायला निगालीस?" आमच्या घरात लेकराला अफू देत नाहीत, हा त्यांचा अभिमान होता आणि तो शंभर टक्के खरा होता.

मन्मथच्या वेळी मला बाळंतरोग झाला. हगवण थांबेना, कंबर धरलेली, उठून बसायचं तर डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी दिवसेंदिवस खंगत चालले तेव्हा आत्याबाईंनी गुळात मुगाएवढी गोळी दिली. काय सांगू त्या पहिल्या दिवसाचं! कंबर कुठं आहे हेच विसरून गेले. पोट थांबलं. माहेरची आठवण येऊन रडू यायचं, तेही थांबलं. मुगाची गोळी पुढं तुरीएवढी झाली आणि दिवाळीनंतर हरभऱ्याएवढी. वाढवा म्हणून मीच सांगायची. आत्याबाई प्रेमानं द्यायच्या. कोणी दुष्टपणा केला नाही, ही या आजाराची सगळ्यात वाईट खोड आहे.

मन्मथ जन्मला तेव्हा चांगला रडका होता. पुढं शांत झाला. आणखी शांत झाला. अंगावर घेतलं तर दोन घोट ओढून मान टाकायचा. शेजारच्या घरांत पोरं टाहो फोडायची आणि आमच्या घरात अशी शांतता की वाटीत ठेवलेला चमचा वाजला तरी दचकायला व्हावं. आम्ही शिवाचे भक्त, गळ्यात लिंग बांधणारे लोक. घरी येणाऱ्या जंगमस्वामींनी एकदा त्याचे अर्धे मिटलेले डोळे पाहिले आणि हात जोडून म्हणाले, "ह्यो ध्यानस्थच हाय की!" झालं. लेकराचे दंड वाळत होते, तेही आम्हांला योग्याला शोभणारेच वाटले.

हकीमसाहेबांना दर्शन हवं होतं

आमचे मालक दुकानाचा माल भरायला बीडला जायचे. एकदा खोकला झाला म्हणून ते तिथल्या हकीमसाहेबांकडं गेले आणि औषध घेता घेता घरच्या बालस्वामींची कीर्ती सांगून बसले. आमचे मालक तसे मितभाषी, पण या विषयावर त्यांना थांबवावं लागायचं. हकीमसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "किती बरकत आहे तुमच्या घरात! आम्हांलाही दर्शन घडवा. आणि त्या मुलाच्या आईलाही आणा."

मालक तरंगतच घरी आले. आत्याबाईंनी लेकराला नवीन अंगडं शिवलं. गाडीत गादी घातली. वाटेत जे भेटतील त्यांना त्या सांगायच्या, "बीडच्या हकीमानं बोलावणं धाडलंय दर्शनाला."

हकीमसाहेबांच्या दवाखान्यात बायकांसाठी पडदा लावलेली वेगळी खोली होती. त्यांनी मन्मथला हातात घेतलं आणि खिडकीशी नेलं. त्याच्या मुठीत आपलं बोट दिलं. बोट सुटून आलं. तळपायाला टिचकी मारली. मग पापणी वर करून बराच वेळ पाहत राहिले.

"रडतो केव्हा?"

"रडतच न्हाई सायेब," आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या.

"भूक लागली की?"

"भूक मागतच न्हाई. योग्याला कसली भूक?"

हकीमसाहेबांनी लेकरू खाटेवर ठेवलं. मग आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "याला अफू कोण देतं?"

आत्याबाई ताडकन उठल्या. "आमच्या घरात लेकराला अफू देत न्हाईत! देवाच्या लिंगाला हात लावून सांगते. कुणी सांगितलं तुमाला? कावून आसं बोलायलात?"

ते रागावले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "बेटी, पदर जरा मागं घे. उजेडाकडं बघ." मी पाहिलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "तू काय घेतेस?"

मी काही बोलायच्या आत आत्याबाईच म्हणाल्या, "ती बाळंतिणीची गोळी हाय. कंबरंची. लेकराला कुटं दिली?"

"बरोबर," हकीमसाहेब म्हणाले. "आणि लेकरू काय पितं?"

माझा पदर दुधानं ओला झालेला होता आणि मला तो अंगावरून काढून फेकून द्यावासा वाटला.

"समाधी नाही अम्माजी, नशा आहे," ते म्हणाले. "दोघांच्याही बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. असंच चाललं तर एक दिवस हा श्वास घ्यायचाही विसरेल."

कनवटीची गोळी काढून मी लगेच खिडकीतून टाकायला निघाले. त्यांनी हात आडवा केला. मला कारण कळेना, तेव्हा त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी एकदम सोडली तर माझ्याबरोबर लेकराचीही एकदम सुटेल आणि तो झटका एवढ्याशा जिवाला सोसणार नाही. म्हणून घ्यायची, पण ते देतील तेवढीच, रोज थोडी कमी. मधून मधून शेळीचं दूध पाजायचं. आणि हे सगळं त्यांच्या नजरेखाली, दवाखान्यात राहून.

आत्याबाई म्हणाल्या, "हकीमाला नाडी कळती. योग्याचं त्याला काय कळतंय? चल गंगे, घरी." त्यांनी लेकरू उचललंसुद्धा. तेव्हा आमचे मालक, ज्यांनी आईपुढं कधी मान वर केली नव्हती, त्यांनी लेकरू त्यांच्या हातातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "माय, ऱ्हाऊ दी तिला हितं," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे सगळे अपराध माफ केलेले आहेत, पुढचेही.

कडधान्याची उतरंड

दवाखान्यातला दिवस साधा असे. सकाळी हकीमसाहेब यायचे, नाडी बघायचे आणि माझ्यासमोर गोळी वळायचे. हरभऱ्याची तूर झाली, तुरीचा मूग झाला, मुगाची बाजरी. मग काढा, मग मऊ खिचडी, मग सबंध दुपार मी आणि माझी हाडं. खोलीत पलीकडच्या खाटेवर डोळ्यांचं दुखणं घेऊन आलेली एक म्हातारी होती. तिला दिसत नव्हतं, पण जांभई कोणाची आणि हुंदका कोणाचा हे तिला बिनचूक कळायचं.

माझ्या हालांचं वर्णन फार करत नाही, कारण ज्याला सोडायची आहे त्यानं आधीच भिऊ नये. पण खोटंही लिहिणार नाही. नाक वाहायचं, जांभयांनी जबडा दुखायचा, अंगावर काटा यायचा. पायांत कोणी सुतळी ओढतंय असं व्हायचं. सगळ्यांचा राग यायचा. हकीमसाहेबांचा, मालकांचा, आणि हे लिहिताना हात थांबतो, पण लेकराचाही. कारण तोही जागा होत होता. शिंकायचा, थरथरायचा, किंचाळायचा, कुशीत घेतलं तर ताठ व्हायचा. एका दुपारी मला स्पष्ट वाटलं की झोपलेलं लेकरू बरं होतं. असं कोणाच्या मनात आलं तर तिनं स्वतःला राक्षसीण समजू नये. तो विचार अफूचा असतो, आईचा नसतो.

खैरूनबी नावाची पाली गावची एक आया तिथं होती. धिप्पाड बाई, तोंडात कायम पान. मन्मथ किंचाळायला लागला की ती त्याला खांद्यावर टाकून व्हरांड्यात फेऱ्या मारायची. मी रडत म्हणायची, गप्प करा हो त्याला. ती म्हणायची, "नक्को अम्मा, रोने देव. रोता सो बच्चा जीता." आणि वर हसायची. पुढं मला तिच्या हसण्याचा आधार वाटायला लागला. ती रजेवर गेली की दिवस खायला उठायचा.

आत्याबाई बीडमध्येच एका नातेवाइकांकडं उतरल्या होत्या. दुपारी भाकरी घेऊन यायच्या, डबा खैरूनबीच्या हाती द्यायच्या आणि व्हरांड्यात आमच्या दाराकडं पाठ करून बसायच्या. आत पाऊल टाकायच्या नाहीत. लेकराचं किंचाळणं ऐकू आलं की कानावर पदर ओढून घ्यायच्या. बोलणं बंद. मला वाटायचं, या माझ्यावर रागावल्यात, माझ्यामुळं त्यांचे स्वामी गेले. आणि ते काही अंशी खरंच होतं.

शेंगापोळी

संक्रांत जवळ आली होती. त्या दिवशी डब्यात शेंगापोळी निघाली, दाण्यागुळाची, कडा खरपूस. मन्मथचा नुकताच थकून डोळा लागलेला. मी पहिला घास घेतला.

ज्यानं अफू खाल्ली आहे त्याच्यापासून ती गुळातही लपत नाही. मनाला समजायच्या आधी जिभेला समजलं. तोंडाला पाणी सुटलं, पायांतली सुतळी सैल झाली असं वाटलं, अजून घास गिळलासुद्धा नव्हता. त्या वेळी आमची गोळी मोहरीएवढी झाली होती. मोहरीनंतर खसखस यायची होती, म्हणजे अफूचंच पोर, आणि मग काही नाही. आणि इथं सबंध पोळीत माझ्या मनासारखी अफू भरलेली होती.

मी घास गालात धरून बसले. किती वेळ ते माहीत नाही. पलीकडची म्हातारी म्हणाली, "काय गं, चावायचा आवाज का न्हाई?" तेवढ्यात मन्मथ हलला आणि झोपेतच माझ्याकडं तोंड वळवून ओठांनी शोधायला लागला. याआधी त्यानं कधी मला शोधलं नव्हतं. मी घास हातावर थुंकले. लेकराला कडेवर घेतलं आणि पोळी घेऊन व्हरांड्यात गेले. आत्याबाईंच्या समोर ठेवली.

"हे कुणासाठी, आत्याबाई?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "तुज्यासाठी," त्या म्हणाल्या. "कशी झालीस बग. तुजं कण्हणं आयकवत न्हाई गं मला." जरा थांबून खाली बघत म्हणाल्या, "आन् त्यो. कसा शांत बसायचा मांडीवर. लोकं पाया पडायचे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मीही थोड्या वेळापूर्वी तेच गालात धरून बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मन्मथला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यानं डोळे उघडले. पूर्ण उघडले. आजीकडं पाहिलं आणि असं भोकाड पसरलं की व्हरांड्यातले रोगी वळून बघायला लागले. लाथा झाडल्या, आजीचं लुगडं भिजवलं, तिच्या गळ्यातली पोत मुठीत धरून अशी ओढली की तिला मान खाली करावी लागली. आत्याबाईंनी एवढ्या दिवसांत त्याला जवळून पाहिलंच नव्हतं.

"आरं, सोड, सोड! एवढा जोर कुटून आला ह्याच्यात?" त्यांनी मूठ सोडवायला बोट घातलं तर ते बोटच त्यानं तोंडात कोंबलं आणि चोखायला लागला. दूध निघेना म्हणून परत टाहो फोडला. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ह्यो भूक मागायलाय गं," त्या म्हणाल्या. "गंगे, माजं लेकरू भूक मागायलंय!"

पोळी त्यांनीच उचलून नेऊन चुलीत टाकली. येताना शेळीच्या दुधाची वाटी घेऊन त्या आत आल्या, माझ्या खाटेवर बसल्या, आणि सुटी होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. खैरूनबीचं आणि त्यांचं कशावरही एकमत होत नसे, पण लेकराला खांद्यावर टाकून दोघी पाळीपाळीनं फेऱ्या मारायच्या.

आता वाचणाऱ्यांसाठी

अंगावर पाजणाऱ्या बाईनं अफू घेतली तर ती लेकरानंच घेतली असं समजा. घेत असलात तर लाजू नका, हकीमाला सांगा, आणि आपल्या मनानं एकदम सोडू नका. घरच्यांनी गोळी त्या बाईच्या हातात ठेवू नये. आणि अफू खाणाऱ्या माणसाला आळशी, निर्लज्ज म्हणण्याआधी त्याला कुठं दुखत होतं ते विचारा. बहुतेकांची सुरुवात दुखण्यापासूनच झालेली असते.

माझी कंबर अजून दुखते. पावसाळ्यात जास्त. लसूण घालून तापवलेलं तेल लावते आणि कुरकुर करते. बाजारातून जाताना कुठून तो वास आला की आजही जीभ जागी होते, हे लपवत नाही. तेव्हा मी जरा भरभर चालते. एवढंच करावं लागतं आणि एवढं रोज जमतं.

सोमवार

आम्ही तलवाड्याला परतलो ती बातमी आमच्या आधी पोचली होती, पण अर्धीच. बालस्वामी बीडला हकीमाला दर्शन देऊन आले, असं लोकांना कळलेलं. सोमवारी नेहमीसारखी माणसं जमली. बेल आला, नारळ आले, लांबच्या गावची एक म्हातारी तर उपाशी चालत आली होती.

आत मन्मथ भुकेनं आकांत करत होता. मी दूध निववत होते आणि कान दाराकडं लावले होते, कारण आत्याबाई ओसरीवर गेल्या होत्या आणि काय सांगतील ते मला ठाऊक नव्हतं. गावात त्यांचा जो मान होता तो सगळा त्या लेकराच्या मिटलेल्या डोळ्यांवर उभा होता. बाया त्यांच्याही पाया पडायला लागल्या होत्या. त्यांनी नुसतं म्हटलं असतं की स्वामी आज मौनात नाहीत, पुढल्या सोमवारी या, तरी चाललं असतं. आणि मग पुढल्या सोमवारसाठी लेकरू शांत हवं झालं असतं.

"बालस्वामी कुटंयत?" ती म्हातारी विचारत होती. "दर्शन घेऊन माघारी जायचंय मला."

आत्याबाईंनी तिच्या हातात आधी भाकरी ठेवली. मग दाराच्या चौकटीत उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"स्वामी गेले. आता घरात माजा नातू हाय, आन् त्यो रडायलाय. उटा, मला आत जाऊ द्या."